नेम आणि नळी : भाग ७
सगळ्या गोळ्या डावीकडेच!

ट्रिगरच्या वजनाचा विषय या आठवड्यात यायचा होता. तो पुढे ढकलावा लागतो आहे, कारण लातूरच्या एका एनसीसी कॅडेटचा प्रश्न. ‘पॉइंट टू-टू रायफल सारखी डावीकडेच मारते. साइट सरकवून घ्यावी का?’ सोबत टार्गेटचा फोटो. पाच भोकं एकमेकांना जवळपास चिकटलेली, पण सगळी काळ्या वर्तुळाच्या डाव्या कडेबाहेर.

हा फोटो पाहून उस्ताद, म्हणजे प्रशिक्षक, आधी खूशच होतील. ग्रुपिंग जमलेलं आहे. विखुरलेल्या गोळ्यांवर साइट सरकवून काही उपयोग नसतो. एकाच जागी पडणाऱ्या गोळ्यांचं कारण मात्र शोधता येतं.

ही तक्रारसुद्धा तशी अलीकडची. नांदेडच्या सचखंड श्री हुजूर साहिबमध्ये जतन केलेल्या शस्त्रांत तोड्याची बंदूकही आहे. त्या काळातल्या बहुतेक तोडेदार बंदुकांची नळी आतून गुळगुळीत असे. सैल बसणारी गोळी नळीत आपटत बाहेर पडे आणि दर वेळी वेगळीकडे जाई. नळीत पीळदार खाचा आल्या, गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाऊ लागली, तेव्हा कुठे ‘सारखी डावीकडे’ असं म्हणण्याची सोय झाली.

मुदखेडला सीआरपीएफचं आणि चाकूरला बीएसएफचं प्रशिक्षण केंद्र असल्याने ‘झिरोइंग’, म्हणजे गोळ्या नेमाच्या जागी पडतील अशी साइट जुळवणं, हा शब्द नांदेड-लातूरकडे नवा नाही. पण त्याआधीची पायरी बरेच जण गाळतात. ती म्हणजे रायफल तीच ठेवून नेमबाज बदलणं. त्याच जागेवरून, त्याच राउंडनी दुसऱ्या सरावलेल्या कॅडेटने पाच गोळ्या माराव्यात. त्याचाही ग्रुप डावीकडे पडला तर संशय रायफलीवर. त्याचा मधे पडला तर रायफलीला हात लावायचा नाही.

मग पाहायचं ते डोळा, गाल आणि बोट. बटवर गाल दर वेळी एकाच जागी टेकतो का? रायफल डावीकडे कलते का? कलली तर गोळी डावीकडे आणि किंचित खाली जाते. फोरसाइट बॅकसाइटच्या बरोबर मधे दिसते का? या शेवटच्या चुकीचा हिशोब १० मीटरच्या एअर रायफलवर सोपा पडतो. दोन्ही साइटमधलं अंतर ७० सेंटिमीटर धरलं, तर फोरसाइट १ मिलिमीटर डावीकडे दिसली की छर्रा सुमारे १४ मिलिमीटर डावीकडे जातो. या टार्गेटवर दोन रिंगणांत २.५ मिलिमीटरच अंतर असतं. म्हणजे दहाची अपेक्षा, पदरात पाच.

वाऱ्याचा संशय २५ मीटरसारख्या कमी अंतरावर फारसा धरू नये. अंतर दुप्पट झालं की त्याचा परिणाम जवळपास चौपट होतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकचं कांस्य जिंकलं ते ५० मीटरच्या रायफल प्रकारात. तिथे वाऱ्याच्या झेंड्या वाचणं हा सरावाचाच भाग.

रायफलीवरच संशय आला, तर साइट सरकवण्याआधी नळीचं तोंड उजेडात धरावं. अर्थात रायफल रिकामी करून, उस्तादांसमोर. जुन्या रायफलींत नळी साफ करायची पुलथ्रूची दोरी तिरकी ओढली गेल्याने तोंडाची एक कड झिजलेली सापडते. कापसाचा बोळा तोंडावरून हलकेच फिरवला आणि धागा अडकला, तर तिथे कूस उभी आहे असं समजावं. गोळी सुटताना मागचा वायू सगळ्या बाजूंनी सारखा निसटला नाही, की ती एका अंगाला ढकलली जाते. त्यानंतर दस्त्याचे स्क्रू. आणि लाकूड पावसाळ्यात फुगून नळीला एका बाजूने दाबत नाही ना, तेही. ही दुरुस्ती आर्मररची. घरी कानस लावू नये.

एवढं सगळं नीट निघालं, तरच साइट. फोरसाइट चुकीच्या दिशेलाच सरकवायची, म्हणजे गोळ्या डावीकडे तर तीही डावीकडे. बॅकसाइट मात्र उजवीकडे. एका वेळी एकच बदल, मग पुन्हा पाच गोळ्या.

बीजिंग ऑलिंपिकमध्ये ११ ऑगस्ट २००८ रोजी अंतिम फेरीआधीच्या चाचणीत अभिनव बिंद्राचा छर्रा चारच्या रिंगणात गेला. हाताशी मोजकी मिनिटं. आपल्या नेमाची खात्री असल्याने त्याने साइटचे क्लिक फिरवले, ग्रुप मधे आणला आणि अंतिम फेरीत १०४.५ गुण मिळवून सुवर्ण जिंकलं.

लातूरच्या कॅडेटने दुसऱ्या नेमबाजाचं टार्गेटही पाठवावं. तारीख, अंतर आणि राउंडचा लॉट कोपऱ्यात लिहून. ते आलं, तर ट्रिगर आणखी एक आठवडा थांबेल.