गाव पाहणे आणि गाव दाखविणे

(बी. ए. भाग २)

सुट्ट्या लागल्या की आपल्याकडची माणसे गावे पाहायला निघतात. कोणी वेरूळ-अजिंठ्याला जातो, कोणी दौलताबादला, कोणी रायगडाला. परत आल्यावर ‘काय पाहिले?’ असे विचारावे, तर उत्तर बहुधा एवढेच मिळते की, ‘लय मोठा किल्ला हाय.’ यात पाहणाऱ्याचा दोष नाही. दगड आपणहून बोलत नाही. त्याच्याजवळ उभे राहून कोणीतरी बोलावे लागते. त्या बोलणाऱ्याला आपण गाईड म्हणतो, आणि तो जे करतो त्याला नगरदर्शन. हे नगरदर्शन म्हणजे नेमके काय, ते चांगले केव्हा होते, आणि आपल्या अमरावती-अकोल्याकडे ते कोणी करावे, याचा थोडा विचार मी या लेखात मांडणार आहे.

बस आणि पायवाट

ठरलेल्या पैशांत ठरलेली सहल, या पद्धतीचा आरंभ पुष्कळदा टॉमस कुक या इंग्रज गृहस्थाच्या नावाने सांगतात. ५ जुलै १८४१ रोजी त्याने लेस्टर गावाहून लफबरोपर्यंत सुमारे पाचशे माणसे आगगाडीने नेली. भाडे माणशी एक शिलिंग. गंमत अशी, की ही मंडळी काही प्रेक्षणीय स्थळ पाहायला निघाली नव्हती. ती दारूबंदीच्या सभेला चालली होती! पुढे मात्र त्याच माणसाचा उद्योग इजिप्तपर्यंत प्रवासी नेऊ लागला. आपल्याकडे ‘पुणे दर्शन’सारख्या बसगाड्या याच वळणाच्या. सकाळी बसायचे, शनिवारवाडा, पर्वती वगैरे ठिकाणी उतरायचे, आणि संध्याकाळी परत. अशाने थोड्या वेळात पुष्कळ दिसते हे खरे, पण दोन स्थळांच्या मधले गाव खिडकीतून पळून जाते.

दुसरी पद्धत पायी चालण्याची. अहमदाबादेत १९ नोव्हेंबर १९९७ पासून तेथील महानगरपालिकेने अशी पदयात्रा सुरू केली. कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघून, पोळांमधून म्हणजे तिथल्या जुन्या वस्त्यांतल्या गल्ल्यांतून, जामा मशिदीपर्यंत जायचे. वाटेत लाकडी कोरीव घरे, पाखरांसाठी उभारलेले चबुतरे आणि लोकांची रोजची ये-जा, सारे दिसते. वीस वर्षांनी, २०१७ साली, त्या शहराला जागतिक वारसा नगराचा मान मिळाला. तो केवळ पदयात्रेमुळे मिळाला असे कोणी म्हणणार नाही, परंतु आपले जुने गाव पाहण्याजोगे आहे, ही जाणीव वाढण्यास या चालण्याची मदत झाली असली पाहिजे.

वऱ्हाडातली जुनी शिदोरी

हे सारे बाहेरचे आहे, आपल्याकडे असे काही नव्हते, असे मात्र समजू नये. आपल्याच जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. श्रीगोविंदप्रभूंचे हे गाव. येथेच म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, हे मराठीच्या विद्यार्थ्यांना माहीत आहेच. आता तर रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठही झाले आहे. त्याच महानुभाव परंपरेत चौदाव्या शतकात ‘स्थानपोथी’ नावाचा ग्रंथ झाला. श्रीचक्रधर ज्या ज्या गावी राहिले, बसले, जेवले, निजले, ती ती स्थाने त्यात नोंदविली आहेत. देऊळ कोणत्या बाजूला, त्याचे दार कोणत्या दिशेला, त्यापासून अमुक स्थान कोणीकडे, असे नेमके सांगण्याची त्याची रीत आहे. पुढे अशा स्थानांवर ओटे बांधले गेले आणि भाविक आजही तेथे नमस्कार करतात.

माझ्या मते मराठीतले हे फार जुने वाटाड्याचे पुस्तक होय. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला, तरी चांगल्या गाईडचे निम्मे काम यात आले आहे. प्रथम जागा नेमकी दाखवावी, मग दिशा सांगावी, आणि नंतर तेथे काय घडले ते थोडक्यात सांगावे. ‘इथे कुठेतरी’ असे म्हणू नये.

परकोटाची दीड तासाची वाट

आता अमरावतीचेच उदाहरण घेऊ. जुन्या अमरावतीभोवती जो परकोट आहे, त्याचे काम निजामाच्या राजवटीत १८०७ साली सुरू झाले. पेंढाऱ्यांच्या टोळ्यांपासून येथील धनवान व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे हा हेतू. भिंतीची उंची वीस ते सव्वीस फूट आणि घेर सुमारे सव्वादोन मैल, असे गॅझेटियरात दिले आहे. म्हणजे रमतगमत चालले तरी दीड तासाची वाट. पाच दरवाजे आहेत : अंबा गेट, जवाहर गेट, नागपुरी गेट, महाजनपुरी गेट आणि खोलापुरी गेट. शिवाय माणसांच्या जाण्यायेण्यासाठी चार लहान दरवाजे, त्यांना ‘खिडकी’ म्हणतात : माता खिडकी, पटेल खिडकी, छत्रपुरी खिडकी आणि खुनारी खिडकी.

ही नावे आपण रिक्षावाल्याला रोज सांगतो. पण नाव म्हणजेच पहिली माहिती आहे. नागपुरी गेट नागपूरच्या नावाचे, खोलापुरी गेट खोलापूरच्या, अंबा गेट अंबादेवीच्या. नुसती दारांची नावे ओळीने म्हटली तरी त्या काळचा माणूस कोणत्या वाटेने कोठे जात होता, याचा अर्धा नकाशा तयार होतो.

आणि व्यापारी कशाचे? कापसाचे. रेल्वे येण्यापूर्वी येथील कापूस बैलांच्या पाठीवर लादून सुमारे पाचशे मैल दूर गंगाकाठच्या मिर्झापूरला जात असे. १८४२ साली एका व्यापाऱ्याने एक लाख बैलांची लादणी बंगालकडे धाडल्याची नोंद आहे. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि बैलांचे तांडे थांबले. मुख्य लोहमार्ग मात्र बडनेऱ्यावरून गेला व अमरावतीला फाटा मिळाला. आजही बाहेरगावचा माणूस बडनेऱ्याला उतरून ‘अमरावती कुठे आहे?’ असे विचारतो, त्याचे मूळ येथे आहे.

माझे वडील हमाल आहेत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. गेल्या हिवाळ्यात आम्ही बारा विद्यार्थ्यांनी परकोटाला फेरी घातली, तेव्हा मी आग्रह करून वडिलांना बरोबर घेतले. जवाहर गेटजवळ मी गॅझेटियरातले आकडे सांगत होतो. वडिलांनी थोडा वेळ ऐकले आणि म्हणाले, “पुस्तकात लिहेल असन बाप्पा, पन आकडा कसा धरतात थे लिहेल हाय काय?” मग त्यांनी हवेतच हात धरून दाखविले. कापसाची बांधलेली गाठ एकशे सत्तर किलोची असते. ती उचलता येत नाही, लोखंडी आकडा रुतवून कलती करावी लागते आणि तिच्याच वजनाने पुढे न्यावी लागते. त्या एका मिनिटात आमच्या वर्गातल्या मुलांनी जेवढे कान देऊन ऐकले, तेवढे माझ्या सनावळ्या ऐकताना दिले नव्हते. कापसाच्या शहराचे दर्शन कापूस वाहणाऱ्या माणसावाचून पुरे होत नाही, हे मला त्या दिवशी पटले.

सांगावे काय आणि कसे?

खुनारी खिडकीपाशी एक अडचण उभी राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिच्याजवळ झालेल्या झगड्यात सुमारे सातशे माणसे मारली गेली, त्यावरून हे नाव पडले, असे लिखित नोंद सांगते. तेथे बाकावर बसलेल्या एका वृद्ध काकांनी मात्र, “आमच्या आज्यानं सांगतलं, अठी पेंढारी कापले,” असे सांगितले. आता खरे कोणते? अशा वेळी गाईडने काय करावे, हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. मला वाटते, बोलताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात : लिहिलेले काय आहे, लोक काय सांगतात, आणि आपला तर्क काय आहे. ‘असे लिहिले आहे’, ‘असे म्हणतात’, ‘मला असे वाटते’ ही तीन वाक्ये ज्याच्या जिभेवर पक्की बसली, तो चांगला गाईड. विशेषतः जेथे रक्त सांडले आहे, त्या जागी तर हे पथ्य पाळलेच पाहिजे. ऐकणारांत सर्व जातीधर्मांची मुले असतात. सैल जिभेने सांगितलेली दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट आजचे भांडण होऊ शकते.

लिहिलेले सर्व एकमुखी असते असेही नाही. दिवाळीत मी अकोल्याला मावशीकडे गेलो होतो, तेव्हा मोर्णाकाठचा असदगड पाहिला. दहिहांडा वेशीवरचा लेख औरंगजेबाच्या काळातील असदखानाचे नाव सांगतो. त्याच्यावरूनच गडाला असदगड म्हणतात. आगर वेशीवरचा मराठी लेख मात्र किल्ला १८४३ साली गोविंद आप्पाजींनी बांधला, असे सांगतो! एकाच कोटाच्या दोन वेशी दोन बांधणारे सांगतात. एखादा गाईड यातला एक लेख गाळून गोष्ट सरळ करून टाकील. पण मला वाटते, ऐकणाऱ्याला दोन्ही लेख सांगावेत आणि विचारावे, ‘तुम्हांला काय वाटते?’ पडझड झालेला कोट पुन्हा उभारणारा स्वतःला बांधणारा म्हणवीत असेल काय? हा माझा तर्क, म्हणून तर्क म्हणूनच सांगतो. असा प्रश्न पडला की पाहणारा प्रेक्षक राहत नाही, विद्यार्थी होतो.

तिसरी गोष्ट गाळण्याची. अंबादेवीला बाहेरगावचे पाहुणे येतात. देऊळ केवढे जुने, नवरात्रात केवढी गर्दी, हे सर्वजण सांगतात. परंतु याच मंदिरात अस्पृश्य मानलेल्यांना प्रवेश मिळावा म्हणून १९२७ साली अमरावतीत चळवळ उभी राहिली, आणि त्या नोव्हेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथील परिषदेसाठी आले होते, हे सांगणारा क्वचितच भेटतो. राजे, नवाब आणि शेटजी यांच्याबरोबर दाराबाहेर उभा असलेला माणूसही नगरदर्शनात आला पाहिजे. नाहीतर ते अर्ध्याच नगराचे दर्शन.

पाहण्याजोगे किती आहे!

आपल्या दोन जिल्ह्यांत या कामाला तोटा नाही. चिखलदऱ्याच्या गाड्या परतवाड्यावरून जातात. शेजारच्या अचलपुरात उतरणारे थोडे. पण हे अचलपूर १५७४ पर्यंत वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी होते आणि तेथला अष्टकोनी हौज कटोरा मुद्दाम वाट वाकडी करून पाहावा असा आहे. बाळापूरला मन व म्हैस नद्यांच्या संगमाजवळ मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे. १६६५ चा पुरंदरचा तह आपण शाळेत पाठ करतो, त्या तहातले जयसिंग ते हेच, एवढे एक वाक्य छत्रीखाली उभे राहून सांगितले तर तह कायमचा लक्षात राहील. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावला आणि १५ डिसेंबरला गाविलगडावर जिंकणारा इंग्रज सेनापती वेलस्ली बारा वर्षांनी वॉटर्लूला नेपोलियनविरुद्ध उभा राहिला. युरोपच्या इतिहासाचा धागा असा मेळघाटातून गेलेला आहे.

दाखविणारा कोण असावा?

आमचे घर परकोटाच्या भिंतीला लागून आहे. कधी कधी मोठे कॅमेरे घेतलेले पाहुणे भिंतीचे फोटो काढायला येतात आणि भिंतीबरोबर भांडी घासणारी आमची आईही त्यांच्या फोटोत जाते. एकदा आईने विचारलेच, “कायचा फोटू काहाडता, बापू? भिताडाचा का माहा?” ते हसले आणि निघून गेले. आईच्या प्रश्नात मला या विषयाचे सार दिसते. जुनी गावे ही संग्रहालये नव्हेत. त्यांत माणसे राहतात. बाहेरून आलेल्या गाईडला भिंत दिसते, पण भिंतीपलीकडे कोण राहते हे ठाऊक नसते. म्हणून गाव दाखविणारा शक्यतो त्या गावचाच असावा. त्याने गल्लीत शिरण्यापूर्वी विचारावे, कोणाच्या दारात घोळका उभा करू नये, आणि कोणाचे दारिद्र्य हे प्रेक्षणीय स्थळ म्हणून दाखवू नये.

मित्रहो, हे काम आपल्याला जमण्यासारखे आहे. त्यास फार खर्च नाही. पंधरा-वीस जणांचा गट, नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली सकाळची वेळ, प्रत्येकाजवळ पाण्याची बाटली, एवढे पुरे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी ग्रंथालयातून गॅझेटियर काढून टिपणे करावीत, मराठीच्या विद्यार्थ्यांनी म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत उतरून घ्याव्यात, आणि उर्दू-फारसी जाणणाऱ्या मित्रांनी दरवाज्यांवरचे लेख वाचून दाखवावेत. राष्ट्रीय सेवा योजनेतून महिन्याला एक फेरी निघाली, तरी वर्षाकाठी दीड-दोनशे विद्यार्थ्यांना आपले गाव कळेल. प्राध्यापक मंडळींनी चुका दुरुस्त करण्यासाठी बरोबर यावे, अशी नम्र विनंती आहे.

सुरुवातीला बारा ठिकाणे नकोत. एकच दरवाजा घ्यावा. त्याचे नाव, त्याची दिशा, त्यातून गेलेला माल आणि तो वाहणारी माणसे, एवढे नीट सांगता आले की दुसऱ्या दरवाज्याकडे वळावे. परकोटाला पाच दरवाजे आणि चार खिडक्या आहेत. एका शैक्षणिक वर्षाला तेवढे काम पुरेल.