अजून न घडलेला दागिना कसा विकायचा?

तत्त्वज्ञानाच्या मास्तराने दागिन्यांच्या ऑनलाइन दुकानावर बोलावं, याचं काहींना हसू आलं असेल. मलाही आलं होतं. झालं असं, की आपल्या नाशिकच्या सराफ बाजारात पेढी असलेला माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. त्याची मुलगी संगणक अभियंता. ऑर्डरप्रमाणे घडवून द्यायच्या भारी दागिन्यांसाठी ती संकेतस्थळ बांधते आहे. "सर, मराठी मजकूर तेवढा तपासून द्या," एवढीच विनंती. गोदेला पूर आला की दुतोंड्या मारुतीकडे बघत माल हलवायचा, ही त्या बाजाराची जुनी कसरत. "या दुकानात निदान पाणी तरी शिरणार नाही," असं तो हसत म्हणाला. मी वाचायला बसलो आणि शुद्धलेखन बाजूलाच राहिलं.

न्याय-वैशेषिकांनी अभावाचे चार प्रकार मानले आहेत. त्यातला पहिला प्रागभाव. घट घडण्यापूर्वी असतो तो घटाचा अभाव. त्याला सुरुवात नसते, पण शेवट असतो. घट झाला की तो संपतो. आता बघा, तयार माल विकणारा सराफ समोर असलेली वस्तू विकतो. हे दुकान मात्र प्रागभावावर पैसे घेणार! आपला 1930 चा मालविक्री कायदाही हा फरक करतो. वस्तू अजून व्हायची असेल तर ती विक्री नव्हे, विक्रीचा करार. म्हणजे पडद्यावर दिसतो तो दागिना नसतोच, दागिन्याचं वर्णन असतं. सगळी मदार त्या वर्णनावर.

पूर्वी हा करार तोंडी व्हायचा. सोनार विचारायचा, नाक टोचलंय का, की चापाची नथ हवी? ठुशी गळ्याबरोबर बसवू, की जरा खाली? रोज घालणार, की लग्नकार्यापुरती? बोलता बोलता त्याची नजर मनगटावर असायची. यातलं काहीच तो लिहून ठेवत नसे, कारण ते त्याच्या डोळ्यात आणि हातात होतं. ऑनलाइन दुकान बांधायचं म्हणजे हे न लिहिलेलं सगळं लिहून काढायचं. चित्र गोल फिरवून दाखवणं त्यामानाने सोपं काम आहे.

ते लिहिताना चूक झाली तर काय होतं, हे माझ्या घरात घडलंय. पत्नी गेल्यावर तिच्या पाटल्या मोडल्या आणि त्या पैशांत सुनेसाठी एका संकेतस्थळावर बांगड्या घडवायला टाकल्या. माप निवडलं 2.4. आपल्या बायका याला सव्वादोन म्हणतात आणि ते बरोबर आहे. इथे टिंबानंतरचा आकडा दशांश नसतो, सोळांश असतो. दोन इंच आणि चार सोळांश, म्हणजे सव्वादोन इंच, साधारण 57 मिलिमीटर. 2.8 म्हणजे अडीच, तेही असंच. पण तिकडे आराखडा करणाऱ्याने सरळ दशांश वाचला. 2.4 इंच म्हणजे 61 मिलिमीटर! नमस्काराला वाकलं की बांगडी हातातून खाली. कोणी खोटं बोललं नव्हतं. पानावर मात्र आधीच छापलेलं होतं, की ऑर्डरप्रमाणे घडवलेला माल परत घेतला जाणार नाही. आणि पाटल्या तर वितळून गेल्या होत्या. त्याला नैयायिक प्रध्वंसाभाव म्हणतात. त्याला सुरुवात असते, शेवट नसतो.

म्हणून त्या मुलीला मी पहिलं सांगितलं, की मापं मिलिमीटरमध्ये लिही आणि शेजारी सव्वादोन, अडीच असे आपले शब्द ठेव. घरातली नीट बसणारी बांगडी पट्टीवर ठेवून आतला व्यास कसा मोजायचा, त्याचं चित्र दे.

मग पर्यायांचा गोंधळ. कॅरेट तीन, सोन्याचे रंग तीन, मापं सहा, खडे पाच, गुणाकार 270. संगणक 270 चित्रं आनंदाने दाखवतो. त्यात 22 कॅरेटचं पांढरं सोनंही दाखवतो! 22 कॅरेटमध्ये हजारात 916 भाग सोनं. उरलेल्या 84 भागांत काहीही मिसळलं तरी पिवळेपणा जात नाही. कारागिराला हे विचारावंही लागत नाही, यंत्राला मात्र सांगावं लागतं. कारागिराला शेजारी बसवून कुठला पर्याय कशाबरोबर चालतो याची यादी करण्यात तिचे बरेच दिवस गेले. माझ्या मते खरं दुकान त्याच दिवसांत बांधलं गेलं.

किमतीचंही तेच. हिशेबाला सोपा म्हणून ग्रॅमचा दर 10,000 धरा. अंदाज 20 ग्रॅमचा होता, दागिना भरला 20.6. म्हणजे 6,000 रुपये सोन्याचे वाढले, वर त्या प्रमाणात घडणावळ आणि 3 टक्के जीएसटी. हा फरक कोणी सोसायचा? दर कुठला, ऑर्डरच्या दिवशीचा की घडून आल्याच्या दिवशीचा? दोन्ही पद्धती प्रामाणिक असू शकतात. पैसे घेतल्यावर सांगणं तेवढं प्रामाणिक नाही.

1 एप्रिल 2023 पासून सहा अक्षर-अंकांच्या एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा सोन्याचा दागिना विकता येत नाही. तो क्रमांक दागिना घडून तपासणी झाल्यावरच मिळतो. म्हणून ऑर्डरच्या पानावर त्याची जागा रिकामी ठेवली आहे. ती भरली की ग्राहकाने बीआयएस केअर ॲपवर तो ताडून बघावा. प्रागभाव संपल्याची ही पावतीच म्हणा ना.

सगळं लिहून काढता येतं का? मला नाही वाटत. कॅरेटलेन 2008 मध्ये आणि ब्लूस्टोन 2011 मध्ये ऑनलाइन म्हणून सुरू झाल्या. पुढे दोघींनीही रस्त्यावर दुकानं उघडली. आमच्या या पेढीने ठरवलंय, की सोनं मुशीत जाण्याआधी कारागीर स्वतः ग्राहकाशी व्हिडिओवर बोलेल आणि तोपर्यंत ऑर्डर रद्द करायचं बटण चालू राहील. मुलीचा याला विरोध होता, कामाचा वेग जातो म्हणून. बापलेकीत दोन दिवस अबोला होता, असं कळलं. शेवटी ते बोलणं राहिलं.

आमच्या सूनबाई त्या बांगड्या वापरतात. पुढे सव्वादोनच्या हिरव्या काचेच्या बांगड्या घालून त्या अडवून धरतात. चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.