गाडीचा सायलेन्सर लीक आहे का? असं ओळखा

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की अनेक जण उभ्या गाडीत काचा बंद करून, इंजिन चालू ठेवून एसीत बसतात. एक्झॉस्ट लीक असेल तर हाच गारवा जिवावर बेतू शकतो. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० हून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळणं ही सुरुवातीची लक्षणं. ऊन लागल्यावरही असंच होतं, म्हणून गफलत होते.

लीक कसा शोधायचा?
थंड इंजिन सुरू करताच टक-टक आवाज येतो आणि इंजिन तापल्यावर कमी होतो? मग मॅनिफोल्डच्या गास्केटवर संशय घ्या. धातू तापून फुगला की फट बुजते. सांध्यांवर काजळी दिसते का, तेही पाहा. ही पाहणी मोकळ्या जागेत, इंजिन बंद आणि पाइप गार असतानाच करा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. मेकॅनिक सायलेन्सरच्या टोकातून कमी दाबाची हवा सोडून सांध्यांवर साबणाचं पाणी लावतो. बुडबुडे आले, तिथे लीक.

दुरुस्ती
गास्केट किंवा क्लॅम्प बदलावा, भेगेला वेल्डिंग करावं, गंजून सडलेला पाइप नवा टाकावा. टेप, पेस्ट हा गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरताच इलाज. पीयूसी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ती चाचणी टोकाशी येणाऱ्या धुराची असते, मधल्या गळतीची नव्हे.

गाडीत गरगरलं तर इंजिन बंद करा, सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा.