मिरकरवाड्याचा बर्फ आणि न गोठणारे द्रव

रत्नागिरीच्या हवेत पाणी आपण होऊन कधी गोठत नाही, आणि तरीही मिरकरवाडा बंदरातील मासळीचा सारा व्यवहार ज्याच्यावाचून अडून बसेल, तो पदार्थ बर्फ होय. सुरमई, बांगडा, कोळंबी यांना बाजारापर्यंत शाबूत पोहोचविणाऱ्या लाद्या ज्या कारखान्यांत तयार होतात, तेथील कारभाराची सूत्रे एका न गोठणाऱ्या द्रवाच्या हाती असतात.

गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे उंच डबे मिठवण्याच्या हौदात सोडावयाचे आणि ते मिठवणी शून्याखाली सुमारे १० अंशांवर राखावयाचे, एवढाच तो विधी. परंतु शेजारी पसरलेला अथांग समुद्र या कामी निरुपयोगी ठरतो, कारण त्यातील साडेतीन टक्के क्षार त्याला शून्याखाली २ अंशांपलीकडे प्रवाही ठेवू शकत नाहीत. मिठाचे प्रमाण वजनाने २३ टक्क्यांपर्यंत चढविले, तर मात्र तेच पाणी २१ अंशांपर्यंत तग धरते. हाताने फिरविण्याच्या पॉटात आइस्क्रीम करताना बर्फावर जाडे मीठ पसरणाऱ्या गृहिणीने हेच रसायनशास्त्र राबविलेले असते.

मिठवण्यातील उष्णता हरण करण्याची कामगिरी अमोनियाची. साध्या हवेच्या दाबाखाली शून्याखाली ३३ अंशांवरच उकळणारा हा वायू पुन्हा दाबून द्रवरूपास आणणारा कॉम्प्रेसर अहोरात्र चालतो, आणि त्याच्या दिमतीस असते वंगण. हे खनिज तेल अमोनियात मिसळत नाही. वायूबरोबर जो अंश निसटतो तो थंड नळ्यांच्या तळाशी बसून उष्णतेची वाट अडवितो, म्हणून त्याचा वेळोवेळी निचरा करावा लागतो, आणि तेलही असे निवडावे लागते की जे त्या थंडीत थिजणार नाही.

वंगणाच्या सामर्थ्याची खरी ओळख जगाला तशी उशिराच पटली. बोशम्प टॉवर या इंग्रज अभियंत्याने रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगला तेलासाठी छिद्र पाडले, तेव्हा तेल आत जाण्याऐवजी उसळून बाहेर येऊ लागले, आणि त्याने ठोकलेले लाकडी बूचही तेलाने बाहेर फेकले. १८८३ सालच्या या वृत्तान्ताची उपपत्ती १८८६ मध्ये ऑसबर्न रेनॉल्ड्सने गणिताने सिद्ध केली : फिरणारा आस तेलाला निमुळत्या फटीत ओढून नेतो, तेथे उत्पन्न होणारा दाब सारा भार पेलतो, आणि धातू धातूला स्पर्शही करीत नाही. अपवाद चालू होण्याचा आणि थांबण्याचा. झिजेची जोखीम त्या क्षणीच अधिक.

बंदरातील नौकांच्या डिझेल इंजिनांतही हाच न्याय. तेथे वंगणाच्या जोडीला इंजिन थंड राखणारा द्रव, म्हणजे कुलंट, असतो; मात्र त्यातील ग्लायकॉलला गोठण्याचे भय निवारावयाचे नसते. निम्मे ग्लायकॉल नि निम्मे पाणी शून्याखाली ३७ अंशांपर्यंत टिकते, ही त्याची ख्याती कोकणात वाया जाते. येथे त्याचा उपयोग उत्कलनबिंदू काही अंशांनी वर नेण्याचा आणि त्यातील गंजरोधक द्रव्यांच्या बळावर धातू राखण्याचा. समुद्राचे पाणी इंजिनाच्या अंतर्भागात न नेता त्याला निराळ्या नळ्यांतून फिरवून कुलंटची उष्णता काढून घेतात, ही तजवीज मला फार शहाणपणाची वाटते.

१ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत ही इंजिने उघडली जातात. तेव्हा तेल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी शिरले असे समजावे, आणि नवे तेल ओतण्यापूर्वी पाण्याची वाट शोधून काढावी, कारण पाणी मिसळलेल्या तेलाचा थर बेअरिंगवर भार पेलण्यास पुरा पडत नाही.