जरीकामाचे वर्ग : कारागिराच्या उत्पन्नाची दुसरी वाट

लग्नसराई जवळ आली की नाशिकच्या मेन रोडवर, शालिमारला आणि कॉलेज रोडच्या बुटिकांमधून एकच मागणी कानी पडते, 'ब्लाऊजला आरी वर्क करून द्या.' येवल्याची पैठणी घेऊन झालेली असते. आता तिला शोभेल अशा भरजरी बाह्यांचा ब्लाऊज हवा असतो. ऑर्डर बुटिकच्या काचेआड घेतली जाते. काम मात्र जुन्या वस्तीतल्या एखाद्या माळ्यावर होते, लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडाभोवती पाय दुमडून बसलेल्या कारागिरांच्या हातून. ब्लाऊजची किंमत सर्वांना ठाऊक असते. त्यातले कारागिराच्या हाती किती पडते, हे विचारणारा विरळाच.

अलीकडे या मागणीच्या जोडीने दुसरी एक मागणी उभी राहिली आहे. 'हे शिकायला कुठे मिळेल?' असे विचारणाऱ्या महिला आता शहराच्या सर्व भागांत भेटतात. कुणी बँकेत नोकरीला, कुणी निवृत्त शिक्षिका, कुणाची मुले मोठी होऊन बाहेरगावी गेलेली. पंचवीस ते साठ वर्षांच्या या मंडळींना धंदा करायचा असतोच असे नाही. आपल्या हातांनी काही तरी बनवावे, चार जणींत बसावे, एवढी साधी हौस असते आणि त्यासाठी फी मोजण्याची तयारीही असते. मातीकाम, वारली चित्रे, ठशांची छपाई यांच्याबरोबर आरीकामाचेही 'अगदी पहिल्यापासून शिका' असे वर्ग बंगल्याच्या पुढच्या खोलीत, गच्चीवरच्या शेडमध्ये किंवा भाड्याच्या कलादालनात भरतात.

या वर्गांत शिकवते कोण? पुष्कळ ठिकाणी शिकवणारी व्यक्ती स्वतः चार-सहा महिने शिकलेली असते. वीस वर्षे कारचोबीवर बसलेला उस्ताद किंवा घरी बसून तुकड्यावर काम करणारी आपली भगिनी तेथे दिसत नाही. जाहिरात करता येत नाही, चारचौघांत बोलायचा संकोच, शिवाय 'शिकवले तर आपल्याच पोटावर पाय येईल' ही भीती. प्रस्तुत लेख मुख्यतः या कारागिरांसाठी आहे.

आधी हुन्नराविषयी थोडेसे. 'जरदोजी' हा शब्द फारसी. जर म्हणजे सोने, दोजी म्हणजे शिवणकाम. सलमा, दबका, कटदाना, सितारा हे सामान बारीक कापून साध्या सुईने कापडावर टाकतात, ती जरदोजी. आरीचे काम निराळे. आरी म्हणजे टोकाला खाच असलेली सुई. दोरा कापडाच्या खाली डाव्या हातात असतो आणि वरून आरी खाली जाऊन तो उचलून आणते. त्यातून साखळीचा टाका पडतो, त्यातच मणी ओवले जातात. हे हत्यार मूळचे चांभारकामाचे. कच्छमधल्या मोची कारागिरांनी चामड्यावरची आरी कापडावर आणली, म्हणून तिकडे या भरतकामाला 'मोची भरत' म्हणतात. आज एकाच चौकटीवर दोन्ही कामे चालतात आणि बाजारात दोन्हींना सरसकट 'आरी वर्क' असेच नाव पडले आहे. लखनौच्या जरदोजीला २०१३ साली भौगोलिक उपदर्शन मिळाले, पैठणीला त्याआधीच २०१० साली. इतर बहुतेक शहरांतल्या जरी कारागिराला मात्र असे नाव नाही. तो ज्याच्यासाठी काम करतो, त्याच्याच नावाने त्याचे काम विकले जाते.

शागीर्द आता कुठून येणार?

हे काम पूर्वी शिकले जाई ते लहानपणी. आठ-दहा वर्षांचा मुलगा उस्तादाच्या हाताखाली बसे, वर्षभर दोरे भरून देई, मग हळूहळू त्याच्या हाती आरी येई. या पद्धतीत उत्तम कारागीर तयार झाले हे खरे. पण तिची दुसरी बाजू काळी होती. बिहार, उत्तर प्रदेशातून आणलेली मुले मुंबईच्या जरी कारखान्यांत दिवसाचे बारा-चौदा तास राबत. २००५ साली गोवंडी आणि आसपासच्या कारखान्यांवर छापे पडले, शेकडो मुले सोडवून गावी पाठवली गेली. पुढे २०१६ च्या कायदेदुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कोणत्याही धंद्यात कामाला ठेवण्यास बंदी आली. शाळेच्या वेळेनंतर घरच्या, धोकादायक नसलेल्या उद्योगात केलेली मदत त्यातून वगळली आहे.

हे योग्यच झाले. शाळेत जायच्या वयाच्या मुलाचे डोळे आणि पाठ मोडून कुठल्याही कलेची जोपासना होऊ नये. पण मुलांची वाट बंद झाल्यावर हुन्नर पुढे न्यायला दुसरी वाट लागते आणि ती मोठ्या माणसांनाच शिकवण्याची आहे. उस्तादांची स्वतःची मुले या कामात यायला तयार नाहीत. त्यांना मोबाईल दुरुस्ती किंवा डिलिव्हरीचे काम बरे वाटते. त्यांना दोष तरी कसा द्यावा? तुकड्यावरच्या मजुरीत घर चालत नाही, हे ते लहानपणापासून पाहत आले आहेत.

शिकवल्याने धंदा जातो काय?

कारागिरांची ही शंका खोटी म्हणता येत नाही. उस्तादाकडे शिकून शेजारच्या गल्लीत अड्डा टाकणारे शागीर्द आपण पाहिले आहेत. पण ते रोज दहा तास बसून वर्षानुवर्षे शिकलेले असतात. आठवड्यातून दोनदा दोन तास येणारी भगिनी बारा बैठकांत एक बुट्टी, फार तर एका बाहीची किनार करू शकते. प्रस्तुत लेखकाने उत्सुकतेपोटी आरी हाती धरून पाहिली. पहिल्या अर्ध्या तासात सहा टाके पडले, त्यातले चार उसवले. त्या दिवसापासून बाहीभर साखळी पाहिली की किंमत विचारण्याआधी हात जोडावेसे वाटतात.

मुद्दा नेमका हाच आहे. वर्गात येऊन गेलेली बाई कारागिराची प्रतिस्पर्धी होण्यापेक्षा जाणती गिऱ्हाईक होण्याचा संभव अधिक. मशीनवरची साखळी आणि हाताची साखळी तिला ओळखता येते. 'एवढे पैसे कशाचे?' हा प्रश्न ती विचारत नाही, कारण त्याचे उत्तर तिच्या बोटांना ठाऊक झालेले असते. संगणकावर चालणाऱ्या भरतकामाच्या यंत्रांनी दोऱ्याचे बरेच काम हातातून काढून घेतले आहे. सलम्याचे व मण्यांचे दाट काम अजून प्रामुख्याने हातानेच होते. हा फरक ओळखून दाम देणारी गिऱ्हाईके या धंद्याला हवी आहेत.

कच्छचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. तेथील खत्री कारागीर अजरख छपाई करतात. २००१ च्या भूकंपानंतर धमडका गावातल्या अनेक कुटुंबांनी पाण्याच्या सोयीसाठी भुजजवळ अजरखपूर हे नवे गाव वसवले. तेथले डॉ. इस्माईल मोहम्मद खत्री यांना इंग्लंडमधील लेस्टर येथील डी मॉन्टफोर्ट विद्यापीठाने २००३ साली मानद डॉक्टरेट दिली. या गावात देश-विदेशातून माणसे येतात, पैसे देऊन ठसे मारायला शिकतात आणि जाताना कापड विकत घेऊन जातात. आदिपूरच्या सोमैया कला विद्या या संस्थेतही कारागीर बाहेरच्यांना शिकवतात. इतक्या वर्षांत शिकून गेलेल्यांनी अजरखपूरचा धंदा बुडवल्याचे ऐकिवात नाही. तेथे शिकवणारा कारागीर आपल्या नावाने ओळखला जातो, त्याला नुसता मजूर म्हणून कोणी पाहत नाही.

हिशेब करून पाहू

रुपयांत बोलू. पुढील आकडे केवळ नमुन्याचे आहेत, आपापल्या भागाप्रमाणे ते बदलावेत. आठ जणींची तुकडी, दोन तासांच्या बारा बैठका, प्रत्येकी फी २,५०० रुपये. जमा २०,०००. चौकट, आरी, कापड, दोरे, मणी असा संच प्रत्येकी ५०० धरला तर ४,००० गेले. खोलीचे भाडे २,५००, चहा व छपाई ५००. शिल्लक १३,०००. शिकवण्याचे २४ तास आणि तयारीचे १२ धरले तर ३६ तासांचे तासाला सुमारे ३६० रुपये पडले. तुकडी चारचीच भरली तर शिल्लक ५,००० आणि तासाला १४० च्या आत. हाव धरून पंधरा जणी घेतल्या तर मात्र प्रत्येकीच्या हाताकडे पाहणे अशक्य. पुढच्या तुकडीला कुणी येणार नाही. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची गरज पडत नाही, तेव्हा त्या भीतीने मागे हटू नये.

आपली जागा नसेल तर एखाद्या कलादालनाशी किंवा बुटिकशी बोलणी करावी लागतात. येथे कारागीर हमखास फसतो. त्याला दिवसाची हजेरी दिली जाते आणि फी सगळी जागेच्या मालकाकडे जाते. जागा, जाहिरात यांचा खर्च मालकाचा असतो, हे मान्य. तरीही ठराव हजेरीवर करू नये, फीच्या हिश्श्यावर करावा; तो कागदावर लिहून घ्यावा आणि जाहिरातीत शिकवणाऱ्याचे नाव असावे. नावाचा हट्ट पैशाहून अधिक धरावा, कारण पुढच्या ऑर्डरी नावावर येतात.

शिकवण्याची तऱ्हा

उत्तम कारागीर उत्तम शिक्षक असतोच असे नाही. त्याचा हात इतका वळलेला असतो की आपण काय करतो, हे त्याला सांगता येत नाही. वर्ग काढण्यापूर्वी घरातल्या किंवा शेजारच्या दोघी-तिघींना फुकट शिकवून पाहावे आणि त्या कुठे अडतात, ते टिपून ठेवावे.

बहुतेक जणी तीन ठिकाणी अडतात. कापड ढिले असले की आरी अडकते. ताणलेल्या कापडावर टिचकी मारली तर डफासारखा आवाज यायला हवा. दुसरे, आरी फिरवण्याचे. दोरा पकडल्यावर आरीला अर्धा फेर देऊन ती वर काढायची असते. खाच कापडाखाली गेली की दिसत नाही, म्हणून मुठीवरचा स्क्रू खाचेच्याच रेषेत बसवतात. नवख्या हाताने त्या स्क्रूकडे पाहावे. तिसरे, शेवटची गाठ. साखळीचा टाका शेवटी बांधला नाही तर एका ओढीत सगळी ओळ उसवते. दोन तासांचे काम असे उसवलेले पाहून पुष्कळ जणी दुसऱ्या दिवशी येत नाहीत, म्हणून गाठ पहिल्याच दिवशी शिकवावी. सुरुवातीला ऑर्गंझासारखे पारदर्शक कापड दिले तर खालचा हात दिसतो आणि भीती कमी होते. खाका टोचणे, त्यावरून खडू फिरवणे हे चौथ्या-पाचव्या बैठकीपर्यंत शिक्षकाने स्वतःच करून द्यावे.

मोठ्या माणसांना मांडी घालून तासभर बसवत नाही. टेबलावर बसणारी छोटी चौकट घ्यावी. चाळिशी ओलांडलेल्या भगिनींसाठी खिडकीजवळची जागा राखावी आणि पांढऱ्या कापडावर पांढरा दोरा देऊ नये. गृहिणींना दुपारी दोन ते चार ही वेळ सोयीची पडते, नोकरदारांना रविवारची सकाळ. कुणाच्या ब्लाऊजवर पहिला हात चालवू देऊ नये. बटव्यावर किंवा रुमालाच्या कोपऱ्यावर एक बुट्टी पुरी करून ती घरी नेऊ द्यावी. घरी दाखवायला वस्तू मिळाली की पुढची तुकडी तीच आणते. आणि 'बारा दिवसांत कमवायला लागा' अशी जाहिरात कुणी कितीही आग्रह केला तरी करू नये. खासगी वर्गाच्या प्रमाणपत्राला नोकरीत किंमत नसते, हे आधीच सांगितलेले बरे.

सरकारी योजनांबाबत एक खुलासा. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत प्रशिक्षण काळात दिवसाला ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० पर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने कर्ज आहे. मात्र तिच्या १८ व्यवसायांत शिंपी आहे, भरतकाम करणारा नाही. अर्ज भरून देणारे दलाल हे सांगत नाहीत. जरी कारागिराने केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्त कार्यालयाचे 'पहचान' ओळखपत्र काढून घ्यावे. हस्तकला मेळ्यांत जागा मागताना ते लागते आणि वर्गाच्या भिंतीवर लावले तरी शिकणाऱ्याचा विश्वास बसतो.

राहिला प्रश्न वेळेचा. लग्नसराईत कारागिराला मान वर करायला फुरसत नसते. तेव्हा वर्ग काढला तर ऑर्डरी बुडतील. आषाढ लागला की लग्ने थांबतात, ब्लाऊजची कामे आटतात आणि पितृपंधरवडा संपेपर्यंत कित्येक चौकटी भिंतीला टेकून उभ्या राहतात. घरात चूल पेटवायला उसनवार करावी लागते ती याच महिन्यांत. पहिली तुकडी तेव्हाच बसवावी. दमट हवेत कापड सैल पडते, म्हणून चौकट रोज पुन्हा ताणावी लागेल. आणि जर काळी पडू नये यासाठी सलम्याच्या पुड्या डब्यात घट्ट बंद ठेवाव्या लागतील.