डेंटिस्टची वेळ दोनदा का दिसते?

ऑफिसच्या लॅपटॉपवर आउटलुक, घरच्या कॉम्प्युटरवर थंडरबर्ड, खिशातल्या फोनवर गूगल कॅलेंडर. माणूस एकच, पण त्याची डेंटिस्टची वेळ एकीकडे मंगळवारी, दुसरीकडे बुधवारी आणि तिसरीकडे दोन्ही दिवशी. असं झालं की सगळे सॉफ्टवेअरला बोल लावतात. बहुतेकदा दुखणं साधं असतं: जिथे कॅलेंडर जोडायला हवं होतं, तिथे त्याची नक्कल केलेली असते.

वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅलेंडरांना एकमेकांची नोंद वाचता येते, कारण ती लिहायची पद्धत 1998 सालीच ठरली. लोटसचे फ्रँक डॉसन आणि मायक्रोसॉफ्टचे डेरिक स्टेनरसन, म्हणजे बाजारातल्या प्रतिस्पर्धी कंपन्यांची माणसं. त्यांनी मिळून आयकॅलेंडर हे मानक लिहिलं. त्याची आयसीएस फाइल एकदा नोटपॅडमध्ये उघडून पाहावीच. आत साध्या ओळी असतात: सुरुवात केव्हा, शेवट केव्हा, ठिकाण, विषय. शिवाय अक्षरं आणि आकड्यांची एक लांबलचक माळ. ती यूआयडी, त्या नोंदीची जन्मखूण. दिवस बदलो की जागा, ती बदलत नाही. ही नवी भेट नसून जुनीच पुढे ढकलली आहे, हे प्रोग्रॅम तिच्यावरूनच ओळखतो.

फाइल इम्पोर्ट केली की त्या क्षणाची नक्कल हाती येते आणि मूळ कॅलेंडरशी नातं तुटतं. मंगळवारची वेळ बुधवारवर गेली, तरी नकलेला पत्ता नसतो. काही प्रोग्रॅम इम्पोर्ट करताना यूआयडीही नवी देतात; मग तीच फाइल पुन्हा आणली की एका भेटीच्या दोन भेटी होतात.

फाइलऐवजी कॅलेंडरची लिंक सबस्क्राइब केली तर बदल येत राहतात, पण आपल्याला त्यात काही लिहिता येत नाही. शिवाय बाहेरची लिंक पुन्हा वाचायला गूगल कॅलेंडर कित्येक तास घेऊ शकतं. सुट्ट्यांच्या यादीला हे चालतं, आज संध्याकाळच्या मीटिंगला नाही.

दोन्ही बाजूंनी लिहायचं तर कॅलडॅव, 2007 सालचं मानक. त्यात प्रत्येक नोंदीच्या आवृत्तीला खूण असते. फोन बदल पाठवताना आपल्याकडे कोणती आवृत्ती होती तेही सांगतो. मधल्या वेळात लॅपटॉपवरून तीच नोंद बदलली असेल, तर सर्व्हर फोनचा बदल नाकारतो. हा नकार फार मोलाचा आहे, नाहीतर आधीचा बदल गुपचूप पुसला गेला असता. थंडरबर्ड आणि ॲपलचं कॅलेंडर कॅलडॅव जाणतात. अँड्रॉइडला त्यासाठी डॅव्हएक्सफाइव्हसारखं ॲप लागतं, तर डेस्कटॉपवरच्या क्लासिक आउटलुकला वेगळं ॲड-इन. मात्र त्याच दोन कॅलेंडरांमध्ये दोन-दोन सिंक ॲप लावू नयेत; एकाने नेलेली नोंद दुसरं नवी समजून परत आणतं.

नोंद कोणत्या टाइमझोनमध्ये केली, यालाही महत्त्व आहे. पुण्याची आजी आणि न्यू जर्सीतली नात दर शनिवारी बोलतात, हिवाळ्यात इथे रात्री साडेआठ, तिथे सकाळी दहा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास पुढे जातात. नोंद आजीने पुण्याच्या वेळेत केली असेल, तर नातीच्या फोनवर अकरा दिसतील. नातीने तिथल्या वेळेत केली असेल, तर आजीकडे साडेसात. सिंक दोन्हीकडे बिनचूकच असतं. ही वेळ कोणाच्या घड्याळाने पाळायची, ते दोघींनी ठरवून त्या टाइमझोनमध्ये नोंद करायला हवी.

दर शनिवारची भेट एका नियमात बसते, संकष्टीचं मात्र वेगळं. दर महिन्याच्या अमुक तारखेला किंवा दर दुसऱ्या मंगळवारी, असा नियम आयकॅलेंडरला सांगता येतो. चंद्रोदयाला कृष्ण चतुर्थी असेल तो दिवस, असं सांगायची सोय त्यात नाही. म्हणून संकष्टीची प्रत्येक तारीख कुणालातरी पंचांगावरून स्वतंत्र भरावी लागते. इथे सबस्क्राइब केलेली लिंकच बरी: भरणाऱ्याने पुढच्या वर्षाच्या तारखा टाकल्या की त्या तिन्ही पडद्यांवर आपोआप उतरतात.