फ्रान्सिस फोर्ड : अमेरिकन मूकपटाचा उपेक्षित दिग्दर्शक-अभिनेता

प्रस्तावना

अमेरिकन चित्रपटाच्या इतिहासात ‘फोर्ड’ हे नाव येताच दिग्दर्शनाचे ऑस्कर चार वेळा मिळविणारे जॉन फोर्ड आठवतात. परंतु हे नाव चित्रपटसृष्टीत प्रथम रुजविले ते त्यांचे थोरले बंधू फ्रान्सिस यांनी. शंभराहून अधिक चित्रपटांचे दिग्दर्शन आणि त्याहून कितीतरी अधिक भूमिका करूनही इतिहासग्रंथांत त्यांना दुय्यम स्थान मिळाले. या विस्मरणाची कारणे त्यांच्या कर्तृत्वाच्या उणिवेपेक्षा तत्कालीन चित्रपटव्यवसायाच्या रचनेत अधिक सापडतात.

जडणघडण

फ्रान्सिस फोर्ड यांचा जन्म १४ ऑगस्ट १८८१ रोजी मेन राज्यातील पोर्टलंड येथे एका आयरिश स्थलांतरित कुटुंबात झाला. त्यांचे मूळ आडनाव फीनी. रंगभूमीवरील उमेदवारीनंतर ते चित्रपटाकडे वळले. जॉर्ज मेलिएस यांचे बंधू गास्तों मेलिएस यांच्या टेक्सासमधील कंपनीत त्यांनी काम केले आणि पुढे कॅलिफोर्नियात थॉमस इन्स यांच्याकडे ते दाखल झाले. १९१२ मधील ‘कस्टर्स लास्ट फाइट’ या चित्रपटाचे दिग्दर्शन करून त्यांनी कस्टरची भूमिकाही स्वतःच केली. त्याच वर्षीच्या ‘द इन्व्हेडर्स’ या तीन रिळांच्या चित्रपटात सू जमातीच्या स्त्री-पुरुषांनी मूळ रहिवाशांच्या भूमिका केल्या. खुल्या माळरानाचा विस्तार आणि घोडेस्वारांच्या हालचाली यांचा त्यातील वापर पुढील काळातील वेस्टर्न चित्रपटांची चाहूल देणारा आहे. मात्र निर्मात्याचे नाव ठळक करण्याच्या तेव्हाच्या प्रथेमुळे या कामाचे बरेचसे श्रेय इन्स यांच्याकडे गेले.

मालिकापटांचे पर्व

१९१३ मध्ये फोर्ड युनिव्हर्सल कंपनीत गेले. तेथे अभिनेत्री व लेखिका ग्रेस क्युनार्ड यांच्याशी त्यांची जोडी जमली. क्युनार्ड यांनी कथा लिहावी, फोर्ड यांनी दिग्दर्शन करावे आणि दोघांनी प्रमुख भूमिका कराव्यात, अशी ही पद्धत होती. ‘लुसिल लव्ह’ (१९१४) हा पंधरा भागांचा व ‘द ब्रोकन कॉइन’ (१९१५) हा बावीस भागांचा मालिकापट या सहकार्यातून निर्माण झाला. दर आठवड्याला नवा भाग पडद्यावर यावा लागत असल्याने लेखन, चित्रण व संकलन ही कामे अत्यंत वेगाने उरकावी लागत. साहसी, बुद्धिमान नायिका हे या मालिकापटांचे वैशिष्ट्य होते.

याच सुमारास धाकटे बंधू जॉन कॅलिफोर्नियात आले. थोरल्या भावाच्या हाताखाली साहाय्यक व अभिनेता म्हणून त्यांनी उमेदवारी केली आणि १९१७ मध्ये ते स्वतंत्र दिग्दर्शक झाले. फ्रान्सिस यांचा आपल्यावरील प्रभाव त्यांनी उत्तरायुष्यात मान्य केला.

उतरण आणि चरित्रभूमिका

दीर्घ कथाचित्रे व मोठ्या भांडवलाच्या कंपन्या यांचा जम बसत गेला, तसे स्वतःच लिहिणाऱ्या, दिग्दर्शन करणाऱ्या व भूमिका करणाऱ्या कलावंताचे स्थान आकुंचित झाले. १९२० च्या दशकाअखेरीस फोर्ड यांचे दिग्दर्शन थांबले. त्यानंतर ते लहान चरित्रभूमिकांकडे वळले. मूकपटांत लिंकन साकारणारा हा नट ‘यंग मिस्टर लिंकन’ (१९३९) या धाकट्या भावाच्या चित्रपटात ज्यूरीतील मद्यपी सदस्य म्हणून दिसतो. ‘द क्वाएट मॅन’ (१९५२) मध्ये मारामारीची वार्ता ऐकून मृत्युशय्येवरून उठणारा वृद्धही त्यांनीच रंगविला. ५ सप्टेंबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले.

जतनाचा प्रश्न

फोर्ड यांच्या मूल्यमापनातील मोठी अडचण म्हणजे त्यांच्या चित्रपटांचा अभाव. त्या काळची नायट्रेट फिल्म ज्वालाग्राही व अल्पायुषी असे. बोलपट आल्यावर मूकपटांचे व्यापारी मूल्य संपले आणि १९४८ मध्ये युनिव्हर्सलने आपल्याकडे उरलेल्या मूकपटांच्या बहुतेक निगेटिव्ह नष्ट केल्या. ‘द ब्रोकन कॉइन’ आज उपलब्ध नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या २०१३ च्या अहवालानुसार अमेरिकेतील दीर्घ मूकपटांपैकी सुमारे १४ टक्केच मूळ स्वरूपात संपूर्ण टिकले आहेत.

या पार्श्वभूमीवर एक शोध लक्षणीय ठरतो. न्यू हॅम्पशायरमधील नेल्सन या गावी २००६ मध्ये एक जुने कोठार पाडताना चित्रपटाची रिळे हाती आली. त्यांत फोर्ड यांचा, नामशेष समजला गेलेला ‘व्हेन लिंकन पेड’ (१९१३) हा चित्रपट होता. त्यात लिंकनच्या भूमिकेतही तेच होते. दुरुस्तीनंतर २०१० मध्ये कीन स्टेट कॉलेजमध्ये तो दाखविण्यात आला.

समारोप

फ्रान्सिस फोर्ड यांची कारकीर्द दोन गोष्टी स्पष्ट करते. चित्रभाषा घडत असताना तिच्या पायाभरणीत असंख्य हातांचा वाटा होता. आणि चित्रपटाचा इतिहास टिकून राहिलेल्या चित्रपटांच्या आधारेच लिहिला जातो. जे नष्ट झाले त्याचे कर्तेही विस्मृतीत जातात. म्हणूनच चित्रपटांचे जतन हे इतिहासलेखनाचेच अविभाज्य अंग मानावे लागते. कोठारात सापडलेल्या मोजक्या रिळांनी एका दिग्दर्शकाच्या पुनर्मूल्यमापनाला आधार मिळतो, यातच त्या कार्याचे महत्त्व सामावलेले आहे.